नवऱ्याआधी जेवणारी

मालतीला आमच्या गल्लीत नाव पडलं होतं, ‘नवऱ्याआधी जेवणारी’. गौलीगुड्यातली ती गल्ली मराठी घरांची. कुणी नांदेडकडचं, कुणी बीदरकडचं, निजामाच्या अमलापासून त्याच्या या राजधानीत रुजलेलं. एकमेकांना नावं ठेवण्याची हौस सकाळी नळावर भागत असे आणि माझंही काहीतरी नाव असणारच. पण मालतीच्या नावाला धार होती. ही बाई नुसती आधी जेवते असं नव्हे, तर नवऱ्याच्याच ताटात जेवते आणि आपलं उष्टं त्याच्यापुढे सारते, असा आरोप होता. आरोप खरा होता. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्याहून शहाणपणाची गोष्ट त्या गल्लीत कुणी केलेली मला आठवत नाही.

मी लग्न होऊन पुण्याहून आले, आबिड्सला एका विमा कंपनीत चिकटले आणि त्या गल्लीतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केलं. खाली उदगीरकर राहत. माई म्हणजे मालतीची सासू, थोरला मुलगा सुधाकर आणि मालती. धाकटा प्रभाकर पुण्यात कम्प्युटरच्या नोकरीत. मालती देगलूरकडच्या शेतकरी घरातली. बुटकी, सावळी, मनगटं गड्यासारखी. गल्लीच्या या टोकाला तिने भाजीवाल्याला झापलं की त्या टोकाला कोथिंबीर स्वस्त व्हायची. मात्र उंबरठा ओलांडून आत गेली की तोच आवाज खाली यायचा. कुजबुज नव्हे, हळू बोलणं.

“कुजबुजलं की त्यांना वाटतं त्यांच्यावरच चाललंय,” तिने मला पहिल्याच आठवड्यात बजावलं. “आन् त्यांच्यासमोर उगं हसू नका, कमलताई. हसलात तर कशाला हसलात ते त्यांनाबी सांगा.”

सुधाकररावांना स्किझोफ्रेनिया होता. गल्लीतले लोक त्याला बाधा म्हणत, पिसं म्हणत, आणि स्वतःला सुशिक्षित समजणारे ‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ म्हणत, जे साफ चूक आहे. त्यांच्यात दोन माणसं नव्हती. एकच माणूस होता, आणि त्याला कुणी बोलत नसताना बोलणं ऐकू यायचं. तो काम करत होता त्या कारखान्यातले लोक आपल्याला मारायला टपलेत, अन्नात काहीतरी कालवतात, असं त्याला वाटायचं. वाटायचं म्हणजे आपल्याला पाऊस येईलसं वाटतं तसं नव्हे. हातातला पेला जितका खरा, तितकं ते खरं.

हे सगळं लग्नाआधीपासून होतं. मुलीकडे ‘मुलगा जरा अबोल आहे’ एवढंच कळवलं होतं. आपल्या लोकांत मुलाचं काहीही बिघडलं तरी त्यावर एकच औषध असतं, दुसऱ्याची मुलगी. पहिल्याच वर्षात तो अबोल मुलगा भिंतीशी भांडताना मालतीने पाहिला. तिचे वडील न्यायला आले, ती गेली नाही. का नाही गेलीस, म्हणून मी एकदा विचारलं.

“फसवलं ते माईंनी आन् भावजींनी,” ती म्हणाली. “यांनी कुठं फसवलं? यांना तर कुणी विचारलंबी नव्हतं.”

सुधाकरराव गोळ्या घेत नसत. मग माईंनी नव्या सुनेला घरची रीत शिकवली. गोळी कुटायची, वरणात कालवायची, वर तूप सोडायचं. मालतीने केलं तसं. मोठ्यांनी सांगितलं आणि गुणही येत होता. आवाज कमी झाले, ते कामावर नियमित जाऊ लागले. एक दिवस पाणी प्यायला म्हणून ते स्वयंपाकघरात आले, तर ही चमच्याच्या पाठीने वाटीत गोळी चिरडत बसलेली.

ते ओरडले नाहीत. मालतीला तेच लागलं होतं. “मी म्हणत होतो ना,” एवढंच म्हणाले, आणि त्या दिवसापासून घरात जेवायचे बंद झाले. सालासकटची केळी स्वतः विकत आणायची, नारळ स्वतः फोडायचा. माणूस वाळत चालला. माई देवाला साकडं घालत होत्या. प्रभाकरने फोनवर सांगितलं, भरती करून टाका.

मालतीने काय करावं? दुपारी त्यांच्यासमोर भरलं ताट ठेवलं, स्वतः समोर बसली आणि त्याच ताटात जेवायला लागली. वरणाची वाटी तोंडाला लावली, भाजीतलं खाल्लं, भातातलं खाल्लं. मग ताट त्यांच्याकडे सरकवलं. गोळी उघडी, मिठाच्या शेजारी ठेवलेली.

“ही गोळी. खाल्ली की हात थरथरतो, झोप येते, अंग सुटतं. नाही खाल्ली की आवाज वाढतात. दोन्ही खरं हाय. आजपासून तुमच्या ताटात मला माहीत नाही असं काही येणार नाही, आन् मला माहीत हाय ते मी तुम्हाला सांगीन.”

त्या दिवशी ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. पण ती रोज बसत राहिली, आणि एके दिवशी त्यांनी तिचा उष्टा भात पुढे ओढला. मग गोळीही घेतली. पुढे तो रिवाजच झाला. तिने आधी जेवायचं, मग तिला काही होत नाही ना ते पाहत त्यांनी थांबायचं, आणि त्या थांबण्याच्या वेळात तिने गल्लीच्या बातम्या सांगायच्या. मी एकदा मोदक द्यायला खाली गेले तेव्हा हे पाहिलं. इतक्या निवांत गप्पा मारणारं दुसरं जोडपं त्या गल्लीत नव्हतं, आमचंही नाही.

माईंना ते पाप वाटे. त्यांच्या घराण्यात सुना नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवत आलेल्या. ही उलटी गंगा त्यांना पाहवेना, ताट वाढलं की त्या देवघरात जाऊन बसत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, “नवऱ्याला उष्टं घालतेस गं, पाप नाही लागत?”

“लागत असंल की,” मालती तिळगूळ चघळत म्हणाली. “पण त्यांच्या अंगाला अन्नबी लागतं.”

त्यानंतर तिला हळदीकुंकवाची बोलावणी कमी झाली.

ती देवी नव्हती. लोकांना अशा बायका देवी झालेल्या हव्या असतात, म्हणजे मग मदतीला जावं लागत नाही. माझ्याकडे वर येऊन, दार लावून, ती शिव्या द्यायची. माईंना, भावजींना, डॉक्टरला, आणि नवऱ्यालाही. “आठ-आठ दिवस अंघोळ नक्को म्हणतात. वास येतो, कमलताई. मी बाई हाय ना? एकेक दिवस वाटतं, मुशी नदीत ढकलावं त्यांना आन् मागून मीबी उडी टाकावी.” मग माझ्याकडचा चहा पिऊन, तोंड धुऊन, हळू आवाज लावून ती खाली जायची. “तू झोपलीस का” असं तिला विचारणारं माणूस मी कधी पाहिलं नाही.

आजाराची पावलं ती ओळखायची. दाढी राहिली, घरात बूट घालून बसले, झोप उडाली, की ती डॉक्टरकडे निघालीच म्हणून समजा. आणि त्यांच्या भासांशी ती कधी वाद घालत नसे, हो-ला-होही करत नसे. घरमालकाने गच्चीवर डिशची छत्री बसवली तेव्हा हे मला नीट कळलं. नवे चॅनेल आले म्हणून गल्ली हरखली होती आणि सुधाकरराव हबकले होते. ती छत्री आपले विचार खेचते आणि टीव्हीवरची माणसं ते वाचून दाखवतात, असं त्यांचं म्हणणं. मालती त्यांचा हात धरून गच्चीवर गेली, छत्रीला पाठ टेकून बसली आणि मटार सोलायला लागली.

“तुम्हाला ऐकू येतं ते तुम्हाला खरंच येतं. मला येत नाही, हेबी खरंच. माझ्या मते ही नुसती पत्र्याची पाटी हाय. पण ऐकत असतील तर ऐकू देत, मटार लई महाग झालेत म्हणावं.”

सुधाकरराव हसले. वाळत घातलेली साडी गोळा करताना मी ते पाहिलं. नंतर ते खाली बसले आणि त्यांनीही मटार सोलले.

असं चाललं होतं, आणि चाललंही असतं. सुधाकरराव कुकटपल्लीकडच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचे. जुना साहेब समजूतदार होता. त्याने त्यांचा नकाशाचा फळा खिडकीपाशी भिंतीला लावून दिला होता, पाठीमागे कुणी उभं राहायचं नाही असा हुकूम होता, आणि रेघ अशी सुरेख की कुणाची तक्रार नसे. मग देशाची दारं उघडली, तशी त्या कारखान्याचीही उघडली. परदेशी भागीदार आले. फळे गेले, कम्प्युटर आले, जुना साहेब गेला. नव्यांना खिडकीपाशी सगळ्यांकडे पाठ करून बसणारा माणूस परवडेना. त्याला घरी बसवण्याला ‘ऐच्छिक निवृत्ती’ म्हणतात. कुणाची इच्छा, ते विचारायचं नसतं.

घरी बसल्यावर ते घसरले. आवाज दिवसभर. गोळी कधी घ्यायचे, कधी नाही, पण तिच्या उष्ट्या ताटातलं जेवण मात्र सुटलं नव्हतं. “तेवढी दोरी हाय हातात,” मालती म्हणायची. “ती सुटली की मंग काही नाही.”

तेव्हा प्रभाकर आला. पांढरी नवी गाडी, इस्त्रीचा सदरा, बोलण्यात निम्मं इंग्रजी. त्याला भावाचं वाईट वाटत होतं, हे मी नाकारत नाही. बाजारात नव्या परदेशी गोळ्या आल्या होत्या, त्याच्या कुणा डॉक्टर मित्राने दिल्या होत्या. मालती म्हणाली, आधी आपल्या डॉक्टरला विचारू, मग यांना विचारू.

“पेशंटला विचारून कुणी औषध देतं का वहिनी? तुम्ही त्याचे लाड करता म्हणून हा असा राहिलाय.”

“लाड नाही भावजी. इमान हाय.”

प्रभाकर हसला. पुढचं मला नंतर कळलं. रविवारी माईंनी अंबाडीचं वरण केलं. अंबाडी आंबट, तिच्यात काहीही खपतं. प्रभाकरने गोळ्या कुटल्या, भावाच्या वाटीत कालवल्या, माईंनी वर तूप सोडलं. मालती आधी घास घेते हे दोघांना ठाऊक होतं. एखाद्या घासाने काय होतंय, असा हिशोब केला. जो रोज ते ताट पाहत होता त्यालाच कळलं असतं, की ती घास घेत नसे, जेवत असे. त्यात आदल्या दिवशी तिचा शनिवारचा उपास, दोघांच्या ताटात नुसता साबुदाणा, आणि अंबाडी तिच्या माहेरची. तिने वाटी जवळजवळ संपवली. मग नेहमीसारख्या गप्पा सुरू केल्या. सुधाकरराव थांबले होते. बोलता बोलता तिची जीभ जड झाली, ती पाण्याला म्हणून उठली आणि भांड्यांवर कोसळली.

तो आवाज मी वर ऐकला. जिना उतरते तो सुधाकरराव रस्त्यावर धावत होते. “माझ्या बायकोला विष घातलं! रिक्षा बोलवा! कोणीतरी रिक्षा बोलवा!”

रविवारची दुपार, सगळी गल्ली घरात होती. सगळे बाहेर आले. एकानेही रिक्षा बोलावली नाही. “पिसाळला, पिसाळला,” म्हणत चौघांनी त्यांना धरलं, कपडे वाळत घालायच्या दोरीने विजेच्या खांबाला बांधलं. प्रभाकर दारात उभा होता. तो एक शब्द बोलता तर ती दोरी सुटली असती. मी आत गेले. मालती पांढरीफटक पडली होती, नाडी लागत नव्हती.

“काय घातलंत हिला?” मी माईंवर ओरडले.

“औषधच होतं गं,” माई कपाळ बडवत म्हणाल्या. “विष का होतं!”

मीच रिक्षा आणली. मी आणि रिक्षावाला तिला उचलून नेत होतो. खांबापाशी सुधाकरराव एकाएकी गप्प झाले. माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, “आधी तिला न्या. माझं नंतर बघू.” त्या सबंध गल्लीत त्या दुपारी शुद्धीवर असलेला तो एकटा माणूस होता, आणि बांधलेला तोच होता. ते आठवलं की अजून माझं डोकं भणभणतं.

मालती दुसऱ्या दिवशी दवाखान्यात उठून बसली. तोवर प्रभाकरने भावाला मनोरुग्णालयात भरती केलं होतं. आम्ही दोघी तिथे गेलो, तर प्रभाकर आणि माई डॉक्टरांसमोर बसलेच होते. डॉक्टर वाईट नव्हते, दमलेले होते. बायकोला विष घातल्याचा भ्रम होऊन हिंसक झाले, असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

“भ्रम नाही डॉक्टरसाहेब,” मालती म्हणाली. “मला खरंच घातलं होतं.”

डॉक्टरांनी प्रभाकरकडे पाहिलं. प्रभाकर खाली पाहत हळू आवाजात म्हणाला, “इतकी वर्षं त्याच्यासोबत राहून वहिनींच्याही मनावर थोडा परिणाम...”

“माई,” मालती सासूकडे वळली. “तुम्ही सांगा.”

माई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग मी बोलले, ऐकलेलं सगळं सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. प्रभाकर उठून बाहेर गेला, आणि त्यातच त्यांना काय ते कळलं असावं. नंतर त्यांनी मालतीला बाजूला घेतलं. “अम्मा, ते खरं असेल तरी त्यांना सांगू नका. एक भ्रम खरा ठरला तर बाकीचे काढता येणार नाहीत. उन्हामुळे चक्कर आली म्हणा.”

सल्ला चुकीचा नव्हता. मलाही तो पटला, आणि मी तिला तसं सांगितलंही. आम्ही वॉर्डात गेलो. सुधाकरराव जाळीपलीकडे खाटेवर बसले होते, मनगटांवर दोरीचे वळ. तिला पाहून त्यांनी हात जोडले. मी बायकोला हात जोडणारा पुरुष त्याआधी पाहिला नव्हता.

“तुला काय झालं होतं?” त्यांनी विचारलं.

तिने दोन्ही हातांनी जाळी धरली. मग म्हणाली, “वरणात गोळ्या होत्या. भावजींनी घातल्या. मला माहीत नव्हतं.”

“म्हणजे मी खरं बोलत होतो.”

“हौ. खरं बोलत होता.”

त्यांच्या चेहऱ्यावर आधी केवढी तरी सुटका दिसली. मग त्यांनी मान वर केली. “आणि बाकीचं?”

मालतीला कधीच उत्तराला थांबावं लागत नसे. त्या दिवशी तिने जाळीतून नुसता हात पुढे केला. ते उठून खिडकीशी गेले आणि कुणाशी तरी बोलू लागले.

रुग्णालयातून सुट्टी मिळाल्यावर ती त्यांना घेऊन गल्ली सोडून गेली, माईंना प्रभाकरकडे धाडून. कुकटपल्लीला एका इमारतीत मागची खोली घेतली, कुठल्याशा कँटीनमध्ये पोळ्या लाटू लागली. हे मला तिनेच फोनवर सांगितलं. गोळ्या बंद आहेत, म्हणाली, पण जेवतात. माझ्याच हातचं जेवतात, दुसऱ्या कुणाचं नाही. आता तेवढंच राहिलंय. मग फोन येईनासे झाले.

मी एकदा न कळवता गेले. दार मालतीने उघडलं. खूप वाळली होती, मनगटं तेवढी तशीच. मला पाहून तिचा चेहरा उजळला आणि तिने माझा हात धरला. इतक्यात मागून सुधाकरराव आले. दाढी वाढलेली, पायात बूट. मला पाहताच ते भिंतीला टेकले.

“हीच,” ते म्हणाले. “मला खांबाला बांधवलं आणि तुला रिक्षात घालून नेलं ती हीच. तुझी हिच्याशी ओळख आहे?”

“अहो, तुम्हीच तर यांना...” मालतीने सुरुवात केली. ते तिच्यापासूनही मागे सरकले. एक पाऊल, मग आणखी एक. ती त्यांच्याकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे. त्या बाईने एवढ्या वर्षांत त्या माणसाशी एक शब्द खोटा बोललेला मला ठाऊक नव्हता. जाळीपाशीही नाही, सगळं हातचं जात असतानाही नाही.

तिने माझा हात सोडला.

“कोण पाहिजे तुम्हाला?” तिने मला विचारलं. हळू आवाजात, घरातल्या.

मला राग आला, रडू आलं, आणि एवढंही कळलं की मी तिथे जितका वेळ उभी राहीन तितकं तिचं नुकसान आहे.

“माफ करा,” मी म्हणाले. “घर चुकलं.”

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, आणि मी जिना उतरायला लागले.